हिशेब आणि सूट

खेळ आणि नीती यांचा संबंध काय, असा प्रश्न कुणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेक जण ‘प्रामाणिकपणे खेळावे आणि हरल्यावर रुसू नये’ एवढे उत्तर देऊन मोकळे होतील. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. खेळ कसा खेळावा या प्रश्नाच्याही आधी एक प्रश्न उभा असतो आणि तो सहसा कुणी विचारीत नाही. तो प्रश्न असा, की खेळात मोजायचे काय? समोरच्यापेक्षा आपण सरस ठरलो की नाही हे मोजायचे, की आपल्या हातून किती चुका झाल्या हे मोजायचे? हा प्रश्न मैदानापुरता राहिला असता तर या पानांवर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु घरात, शाळेत, धर्मग्रामात आणि पापनिवेदनाच्या वेळीही आपण काही ना काही मोजतच असतो. म्हणून एका खेळाच्या निमित्ताने या प्रश्नाकडे पाहावे असे आम्हांला वाटते.

हा खेळ म्हणजे गोल्फ. तो काही आपल्या मराठवाड्याच्या मातीतला खेळ नव्हे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात त्याचे नाव निघाले की छावणीतले लष्करी अधिकारी डोळ्यांसमोर येतात, नाहीतर दूरचित्रवाणीवरची दूरवर पसरलेली हिरवळ. इंग्रजांनी तो आपल्याबरोबर आणला. मुंबईत १८४२ साली आणि पुण्यात १८७९ साली गोल्फ क्लब निघाले. नाशिकच्या मैदानाला तर आजही लोक ‘गोल्फ क्लब’ म्हणूनच ओळखतात. त्याचे आताचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे आणि तिथे क्रिकेट खेळले जाते. खेळ गेला, नाव मागे राहिले. असा हा साहेबी आणि खर्चिक खेळ आपण विचारात का घ्यावा? त्याचे कारण असे, की मोजणीच्या दोन निरनिराळ्या पद्धती या एकाच खेळात शेजारी शेजारी नांदत आलेल्या आहेत, आणि हौसेखातर खेळणाऱ्यांना त्यांतली एक निवडावी लागते. ही निवड वरवर दिसते तेवढी साधी नाही.

खेळ सोपा आहे. सव्वाचार इंच व्यासाच्या लहानशा खळीत, जिला ‘होल’ म्हणतात तिच्यात, काठीने मारून चेंडू घालायचा. अशा अठरा खळ्या ओळीने पार करायच्या. आता समजा, दोन मित्र खेळत आहेत. पहिल्या होलला एकाला चार फटके लागले, दुसऱ्याला पाच. दुसऱ्या होललाही तसेच, एकाला चार आणि दुसऱ्याला पाच. तिसऱ्या होलला मात्र पहिल्याचा चेंडू झुडपात गेला, मग वाळूत रुतला, आणि त्याला दहा फटके लागले. दुसऱ्याला नेहमीप्रमाणे पाच. पुढे कोण आहे? एकूण फटके मोजले तर पहिल्याचे अठरा झाले आणि दुसऱ्याचे पंधरा. म्हणजे दुसरा पुढे. पण प्रत्येक होल ही स्वतंत्र लढत मानली, तर पहिल्याने दोन होल जिंकले आणि एक गमावला. म्हणजे पहिला पुढे. एकूण फटके मोजण्याच्या पद्धतीला ‘स्ट्रोक प्ले’ म्हणतात आणि होलमागून होल जिंकण्याच्या पद्धतीला ‘मॅच प्ले’. फटके तेच, माणसे तीच. केवळ मोजणी बदलली आणि निकाल उलटा झाला.

यांतली जुनी पद्धत मॅच प्लेची. १७४४ साली स्कॉटलंडमधील लीथ येथील खेळाडूंनी गोल्फचे तेरा नियम लिहून काढले. आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने नियम होत, आणि ते समोरासमोरच्या लढतीसाठी होते. फटक्यांची बेरीज करून खेळण्याचा पहिला उल्लेख १७५९ सालचा, सेंट अँड्र्यूज येथील. पुढे स्पर्धकांची संख्या वाढली, एकाच दिवशी अनेकांतून एक विजेता निवडायचा झाला, तेव्हा बेरजेची पद्धत सोयीची ठरली. १८६० साली सुरू झालेली ब्रिटनची ‘ओपन’ स्पर्धा पहिल्यापासून बेरजेवरच खेळली गेली. आज जगातल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा याच पद्धतीने होतात. मॅच प्ले उरला आहे तो काही हौशी स्पर्धांत, रायडर चषकासारख्या सांघिक लढतींत आणि मित्रामित्रांच्या रविवारच्या खेळात.

आपल्या विटीदांडूतही काही वेगळे नव्हते. दांडूने अंतर मोजताना ‘वकट, लेंड, मूंड’ म्हणत जाणारी पोरे आकडा वाढवीत असत; आणि त्याच वेळी समोरच्या गड्यावर राज्य आणल्याचा आनंद वेगळाच असे. आपल्या खात्यावर किती जमले, आणि समोरचा हरला की नाही, हे दोन आनंद बालपणी एकमेकांत मिसळलेले असतात. वय वाढले की ते वेगळे होतात, आणि त्यांतला कोणता आनंद आपण मनाशी धरून ठेवतो यावरून माणसाचा स्वभाव घडतो.

समोरच्याशी तुलना करण्याच्या वृत्तीचा दोष दाखवून देणे अवघड नाही. आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. पूर्वी बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागला की टक्के विचारले जात. टक्के म्हणजे शंभरांपैकी आपण किती मिळवले. तो विद्यार्थ्याचा स्वतःचा हिशेब होता. आता राज्याच्या सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण आपल्या बरोबरीने वा मागे आहेत याचे माप. प्रवेशाच्या जागा मोजक्या असल्यामुळे शासनाला असे माप लावावे लागते, हे आपण समजू शकतो. पण ते माप जेव्हा जेवणाच्या ताटाशी येते आणि ‘शेजारच्या मुलीला किती?’ हा पहिला प्रश्न होतो, तेव्हा मुलाने वर्षभर काय शिकले हे विचारायचे राहूनच जाते. लग्नातला मांडव, नाताळातला गोठा, प्रथम कम्युनियनचा पोशाख, नव्या घराचा रंग, या सगळ्यांत ही होलमागून होल चाललेली लढत आपण पाहतो. तिचा सर्वांत मोठा तोटा असा, की तिच्यात स्वतः सुधारण्याची गरजच उरत नाही. दुसरा घसरला तरी आपण जिंकतोच. शुभवर्तमानातील मंदिरात प्रार्थनेला उभा राहिलेला परुशी हा असाच मॅच प्लेचा खेळाडू होता. त्याचे उपवास खरे होते, त्याचे दान खरे होते. परंतु मागे उभ्या असलेल्या जकातदारावर मात केल्याचे समाधान घेऊन तो घरी गेला. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येकाने आपले काम आपणच पारखावे, शेजाऱ्याच्या कामाशी तुलना करून अभिमान बाळगू नये, असा जो उपदेश केला आहे, तो नेमका या रोगावरचा आहे.

मग फटक्यांचा हिशेब हीच श्रेष्ठ पद्धत मानावी काय? तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट अशी, की हिशेबाला तोंड पाहून वागता येत नाही. अली शेर हा दिल्लीच्या क्लबात इतरांच्या काठ्या वाहणारा कॅडी होता. १९९१ साली त्याने इंडियन ओपन जिंकली. शिवशंकर चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा क्लबात हिरवळ राखण्याचे काम करीत. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे हीच स्पर्धा जिंकली. फटके किती, एवढेच कार्डावर लिहिलेले असते. मारणारा कुणाचा मुलगा, हे लिहायला तिथे रकाना नसतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या तोंड पाहून मोजले गेले, त्याला अशा निःपक्षपाती आकड्याचे मोल सांगावे लागत नाही. मराठवाड्यातील आपल्या कितीतरी कुटुंबांत पहिल्या शिकलेल्या पिढीला उत्तरपत्रिकेवरच्या गुणांनीच प्रथम न्याय दिला आहे.

दुसरी गोष्ट अशी, की हिशेब माणसाला एकांतात प्रामाणिक राहायला शिकवतो. १९२५ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्सच्या काठीचा स्पर्श होऊन गवतातला चेंडू किंचित हलला. ते त्याच्याशिवाय कुणीही पाहिले नव्हते. त्याने स्वतःहून एक फटका वाढवून घेतला. नंतर त्याची बरोबरी झाली आणि जादा फेरीत तो हरला. तो एक फटका न मोजता तर स्पर्धा त्याने आधीच जिंकली असती. लोकांनी त्याची स्तुती केली, तेव्हा ती त्याला रुचली नाही. चोरी न केल्याबद्दल कुणाची स्तुती करायची असते काय, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेतही असे एक कार्ड आहे, हे सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पौल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यात विवेकपरीक्षणाची एक रीत सांगितली आहे. एक विशिष्ट दोष निवडायचा, आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेषा आखायच्या, आणि तो दोष जितक्या वेळा घडेल तितके ठिपके दिवसातून दोनदा त्या रेषांवर मांडायचे. मग सकाळची रेषा संध्याकाळच्या रेषेशी, कालची आजच्या रेषेशी आणि गेला आठवडा या आठवड्याशी ताडून पाहायचा. शेजाऱ्याच्या रेषेशी नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गोल्फच्या कार्डाचे याहून शुद्ध रूप आम्हांला तरी दुसरे आढळलेले नाही.

तथापि हिशेबालाही त्याची काळी बाजू आहे. हिशेब विसरत नाही. तिसऱ्या होलला लागलेले दहा फटके अठराव्या होलपर्यंत खेळाडूच्या मागे येतात. मधले चौदा होल त्याने उत्तम खेळले तरी ते जादा फटके पुसले जात नाहीत. शिवाय हिशेब लिहिण्यातली चूकही हिशेबच ठरते. १९६८ सालच्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे व्हिसेन्सोने सतराव्या होलला तीन फटके घेतले. त्याचे कार्ड भरणाऱ्या सहखेळाडूने चुकून चार लिहिले, आणि दे व्हिसेन्सोने न तपासता सही केली. ते तीनच होते हे मैदानावर अनेकांनी पाहिले होते. पण नियमाप्रमाणे सही केलेला मोठा आकडा कायम राहिला आणि विजेत्याशी बरोबरी होण्याची संधी एका फटक्याने गेली. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. त्याने ना नियमाला दोष दिला ना सहकाऱ्याला, ही त्याची थोरवी. पण आपल्या ध्यानात एवढे यावे, की कार्डाला सत्य कळत नाही, त्याला केवळ आकडा कळतो.

आत्म्याच्या क्षेत्रात ही गोष्ट अधिकच गंभीर होते. ज्या इग्नेशियस यांनी ठिपक्यांची रीत शिकवली, त्यांनीच तिच्या अतिरेकाचा दाहही सोसला होता. १५२२ साली मोन्सेरात येथे त्यांनी आपली सारी पापे लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केले. तरीही पुढे मानरेसा येथे त्यांना शंकांनी ग्रासले: काही राहिले तर नसेल, अमुक पाप नीट सांगितले गेले का? पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. जीव देण्याचा विचार मनात येण्यापर्यंत त्यांची अवस्था गेली. अखेर, मागे सांगून झालेले पाप पुन्हा सांगायचे नाही असा त्यांनी निश्चय केला आणि तेव्हाच त्यांना शांती लाभली. ज्याचा हिशेब एकदा देऊन झाला तो होल संपला, असेच जणू त्यांनी ठरवले. आपल्या धर्मग्रामांतही असे भाविक असतात, बहुधा वृद्ध माताभगिनी, ज्यांना क्षमा मिळाल्यावरही क्षमा मिळाल्याचा विश्वास वाटत नाही. त्यांच्या हातातले कार्ड कुणीतरी प्रेमाने बाजूला ठेवायला हवे.

गोल्फ खेळणाऱ्यांनाही ही अडचण जाणवली होती. १९३२ साली इंग्लंडमधील वॉलसी क्लबात डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या गुणपद्धतीची स्पर्धा झाली. या पद्धतीत चांगल्या होलला गुण मिळतात आणि वाईट होलला फार तर शून्य. तो होल कितीही वाईट गेला तरी शून्याच्या खाली काही जात नाही. एका फजितीने साऱ्या दिवसाचा विरस होऊ नये एवढाच हेतू. माणसाच्या अपयशाला कुठेतरी तळ असावा, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते.

परंतु मॅच प्लेजवळ याहूनही मोठी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच हा सारा विषय आम्ही मांडला आहे. मॅच प्लेमध्ये सूट देता येते. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू खळीच्या अगदी जवळ असला, तर ‘राहू दे, घातलास असे समज’ असे म्हणून तो शेवटचा फटका आपण त्याला सोडून देऊ शकतो. बेरजेच्या खेळात ही सोय नाही. तिथे प्रत्येकाने प्रत्येक चेंडू खळीत घातलाच पाहिजे. कागद सूट देऊ शकत नाही. सूट द्यायला समोर माणूस लागतो. ज्या पद्धतीत दुसऱ्याला हरवण्याचा मोह सर्वांत अधिक, त्याच पद्धतीत दुसऱ्यावर दया करण्याची संधीही आहे, हे आम्हांला या खेळातले मोठे गूढ वाटते.

१९६९ साली इंग्लंडमधील रॉयल बर्कडेल येथे रायडर चषकाची लढत अखेरच्या होलपर्यंत बरोबरीत आली होती. अमेरिकेच्या जॅक निकलॉसने आपला चेंडू घातला. इंग्लंडच्या टोनी जॅकलिनचा चेंडू खळीपासून दोनतीन फुटांवर होता. चुकला असता तर अमेरिका जिंकली असती. निकलॉसने तो फटका सोडून दिला. लढत सोळा-सोळा अशी, इतिहासात प्रथमच, बरोबरीत सुटली. आपल्याच देशबांधवांच्या डोळ्यांदेखत जॅकलिनवर चुकण्याची पाळी येऊ नये, एवढाच त्याचा विचार होता.

या सुटीचे दोन नियम मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. एकदा दिलेली सूट परत घेता येत नाही. आणि दिलेली सूट नाकारताही येत नाही. आपल्या घरांतल्या क्षमेची या नियमांशी तुलना करून पाहावी. ‘मागच्या खेपेला मी सोडून दिले होते, आता नाही’ असे भांडणात ऐकू येते, तेव्हा दिलेली सूट परत घेतली जात असते. भाऊभाऊ बांधावरून वर्षानुवर्षे बोलत नाहीत; धाकटा एका नाताळाला फराळाचे ताट पाठवतो आणि थोरल्याच्या घरून ते तसेच परत येते, तेव्हा सूट नाकारली जात असते. क्षमा करणे जितके कठीण, तितकेच ती मुकाट्याने स्वीकारणेही कठीण असते. खेळाच्या नियमांनी हे ओळखले आहे.

येथे कुणी म्हणेल, मग प्रत्येक वेळी सूट द्यावीच काय? नाही. २०१५ साली दक्षिण कोरियातील प्रेसिडेंट्स चषकात पुण्यात जन्मलेला आपला अनिर्बाण लाहिरी अमेरिकेच्या ख्रिस कर्कविरुद्ध अठराव्या होलला उभा होता. कर्कने लांबचा चेंडू घातला. लाहिरीचा चेंडू चारेक फुटांवर होता. तो कुणी सोडून दिला नाही, आणि तो कडेला लागून बाहेर राहिला. लाहिरी हरला आणि त्याचा संघ अवघ्या एका गुणाने मागे पडला. कर्कने काही अन्याय केला असे कुणीही म्हटले नाही, लाहिरीनेही नाही. सूट हा कुणाचा हक्क नव्हे. ती मागून मिळत नाही, गृहीत धरता येत नाही. म्हणूनच तिला मोल आहे. त्याच वर्षी जर्मनीत झालेल्या महिलांच्या सोलहाइम चषकात अमेरिकेच्या ॲलिसन लीने दीड फुटावरचा चेंडू सोडला गेला असे समजून उचलला. नॉर्वेच्या सुझॅन पेटरसनने आपण सोडला नव्हता असे सांगितले आणि नियमाप्रमाणे तो होल तिच्या बाजूला मिळाला. नियम तिच्या बाजूने होता. पण नंतर तिने जाहीर क्षमा मागितली. नियम पाळूनही काहीतरी हरवले, हे तिला स्वतःलाच जाणवले असावे.

याहून महत्त्वाची मर्यादा दुसरी आहे. मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याची एखादी नियमबाह्य गोष्ट दिसली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा खेळाडूला आहे. नुकसान त्याचे एकट्याचे असते. पण दोघांनी आधी संगनमत करून नियमच बाजूला ठेवला, तर दोघेही बाद. आणि बेरजेच्या खेळात तर दुर्लक्ष करण्याचीही मुभा नाही; कारण तिथे स्पर्धा समोरच्या एकाशी नसून मैदानावर विखुरलेल्या, त्या क्षणी नजरेआड असलेल्या सर्वांशी असते. मी माझ्या सोबत्याला सूट दिली तर ती त्यांच्या खिशातून दिली जाते. हा भेद नीतिशास्त्रातला एक मोठा भेद आहे. पतसंस्थेच्या चिटणिसाने आपल्या मेहुण्याचे थकलेले कर्ज ‘राहू दे’ म्हणून सोडणे ही दया नव्हे. ते पैसे त्या विधवेचे आहेत जिने आपली पुंजी तिथे विश्वासाने ठेवली. परीक्षकाने ओळखीच्या मुलाला दोन गुण वाढवून देणे ही दया नव्हे. त्या दोन गुणांनी कुणा अनोळखी मुलाची जागा गेलेली असते. निकलॉसच्या उदारतेवरही त्याचा कर्णधार सॅम स्नीड नाराज झाला होता, आणि त्याची नाराजी अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही; विजय एकट्या निकलॉसचा नव्हता. जे माझे आहे तेच मला सोडता येते. इतरांचे असेल तिथे हिशेब चोख ठेवणे हेच प्रेमाचे कर्तव्य होय.

तेव्हा वाचकहो, कोणती पद्धत चांगली या प्रश्नाला एकाच शब्दाचे उत्तर नाही. पण उत्तर आहे. स्वतःकडे पाहताना हिशेब ठेवावा, शेजाऱ्याकडे पाहताना सूट द्यावी. दुर्दैव असे, की माणसाचा स्वभाव बरोबर याच्या उलट चालतो. रविवारी हौसेने गोल्फ खेळणारे पुष्कळ जण कार्ड तर ठेवतात, पण बिघडलेला पहिला फटका मोजत नाहीत, आणि दोन फुटांवरचा चेंडू स्वतःच स्वतःला सोडून देतात. संध्याकाळी तो आकडा मित्रांना सांगितला जातो. म्हणजे स्वतःला सूट आणि इतरांशी तुलना! दोन्ही पद्धतींतले दोष तेवढे उचलले, गुण दोहोंकडेही सोडून दिले. आपण मैदानावर न जाताही हे करीत असतो. आपला राग हा ‘स्वभाव’ असतो आणि सुनेचा राग हा ‘उद्धटपणा’. आपण मिस्साला उशिरा पोचलो तर रस्त्यावर गर्दी होती, आणि शेजारी उशिरा आला तर त्याला भक्ती नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला सेवकाचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. त्याला राजाने दहा हजार तालांत सोडून दिले, आणि बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. ते शंभर दिनार खरोखरच त्याचे येणे होते, हे विसरता कामा नये. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. तो चुकला तो हिशेब कुणाला लावायचा यात. स्वतःच्या कर्जाची बेरीज त्याने मनात कधी केलीच नसावी. केली असती तर शंभर दिनारांचा आकडा त्याला दिसलाही नसता. म्हणून आम्हांला असे वाटते, की स्वतःचा हिशेब चोख ठेवणे आणि दुसऱ्याला सूट देणे ही दोन वेगळी कर्तव्ये नव्हेतच. ज्याने संध्याकाळी आपल्या रेषेवरचे ठिपके खरेपणाने मोजले, त्याच्या हातून शेजाऱ्याचा दोन फुटांवरचा चेंडू आपोआप सोडला जातो. आणि जो स्वतःचे ठिपके मोजायचे टाळतो, त्याला शेजाऱ्याचे मोजण्यावाचून दुसरा उद्योग राहत नाही.

उपवासकाळात आपण काहीतरी सोडण्याचा निश्चय करतो. कुणी मांस सोडतो, कुणी चहा. त्याबरोबर कुणाचे तरी एखादे जुने येणेही सोडता येईल. ते आपले स्वतःचे असावे, इतरांचे नसावे. आणि एकदा सोडले की पुढच्या भांडणात ते परत मागायचे नाही. आपले स्वतःचे कार्ड मात्र नीट भरावे, आणि पापनिवेदनाला जाताना तेच न्यावे.